आंब्याची आढी कां नासते ?

वैशाख लागला कीं कोंकणांतील घराघरांतून एक प्रश्न हटकून ऐकूं येतो, "यंदा आढी कशी काय उतरली ?" प्रश्न वरवर आंब्यांचा दिसतो, परंतु ज्यांनीं एकत्र कुटुंबांत दिवस काढले आहेत त्यांस ठाऊक असतें कीं, त्याच्या उत्तराबरोबर घरांतील कोणाची तरी अब्रूही तोलली जाते. आढी चांगली उतरली तर तें यश कलमाच्या जातीचें, मातीचें, फार तर घरधन्याच्या देखरेखीचें. आणि नासली तर तो दोष कोठींत जाणाऱ्यायेणाऱ्या बाईचा. अमकीचा हात लागला, तमकीची सावली पडली, शिवाशीव नीट पाळली गेली नाहीं, अशीं कारणें आमच्या पिढीनें आपल्या कानांनीं ऐकलेलीं आहेत. लोणच्यास बुरशी आली, पापड लाल पडले किंवा आढी नासली, कीं याच कारणांची उजळणी होत असे.

पेण व रोहें या दोन गांवांशीं आमचा जन्माचा संबंध आहे. राहतें घर पेणेस, आणि वडिलार्जित कलमांची वाडी रोह्याच्या बाजूस डोंगराच्या उतारावर. छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलांना संस्कृत शिकविलें, आणि तर्कशास्त्रांतील कार्यकारणभावाचे दाखले देतांना धूर आणि अग्नि यांच्या जोडीस आंबा आणि आढी यांचाही उपयोग केला. तथापि आमच्याच घरांतील एका नासलेल्या आढीचें खरें कारण चारचौघांत सांगावयाचें धैर्य आम्हांस पन्नास वर्षें झालें नाहीं. तें आज सांगावें, आणि त्याबरोबरच आढी नासूं नये म्हणून काय करावें हेंही सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही सातव्या इयत्तेंत होतों तेव्हांची गोष्ट. आमच्या वडिलांची एक आत्या होती. तीच घरांत लहानथोर सर्वांची आत्याबाई. बालपणींच वैधव्य आल्यामुळें तिचें सारें आयुष्य माहेरींच गेलें. घरांत तिचा अधिकार फारसा कोठें चालत नसे. पण माळ्यावरील आंब्याची कोठी मात्र तिच्या ताब्यांत असे. पेंढा पसरणें, आंबे लावणें, रोज चाळणें आणि कोणता आंबा कोणत्या दिवशीं पानांत पडावयाचा हें ठरविणें, हें सर्व ती करी. कोठीची किल्ली तिच्या कनवटीस असे. अक्षय्यतृतीयेस पितरांच्या पानावर आंबा वाढल्यावांचून घरांत कोणी आंबा तोंडांत घालीत नसे, आणि वटपौर्णिमेस सुवासिनींच्या वाणासाठीं अखंड आंबे शिल्लक राहिलेच पाहिजेत असा दंडक होता. स्वतः तिला तें वाण कोणी देत नव्हतें. परंतु सर्वांच्या वाणाचे आंबे टिकवून ठेवण्याचें काम तिचें, आणि तें ती वर्षानुवर्षें न चुकतां करीत आली होती.

त्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस दोन दिवस कोसळला. वडील कामांत गुंतलेले. म्हणून आम्हांस व आमच्या एका चुलतभावास गड्याबरोबर वाडीवर धाडलें. झेल्यानें एकेक आंबा उतरविण्यांत दिवस मोडतो हें पाहून गडी दुसऱ्या झाडाकडे वळतांच आम्हीं दोघांनीं फांद्या गदगदा हलविल्या. आंबे पटापट खालीं पडले. चिखलानें माखलेले आंबे तेथल्याच डबक्याच्या पाण्यांत बुचकळून आम्हीं ते ओलेच करंड्यांत भरले, वर आंब्याचा पाला दाबला आणि झांकणें बांधलीं. वडिलांनीं विचारलें तेव्हां "सर्व झेल्यानें काढले" असें सांगितलें. आत्याबाईनें ते आंबे नेहमींप्रमाणें आढींत लावले. सहा-सात दिवसांत कोठींतून आंबूस वास येऊं लागला, आणि दहाव्या दिवशीं पेंढा उचलला तों निम्म्याहून अधिक फळें काळीं पडून गळलेलीं ! वटपौर्णिमेच्या वाणासाठीं त्या वर्षीं बाजारांतून आंबे आणावे लागले.

घरांत मोठा गवगवा झाला. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं ओटीवर बसून निकाल दिला, "विधवेच्या हातीं आढी दिल्यावर दुसरें काय होणार !" कोणीं त्यांस विरोध केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आत्याबाईनें कनवटीची किल्ली काढून आमच्या आजीच्या पुढें ठेवली आणि त्यानंतर ती माळ्याची पायरी पुन्हा चढली नाहीं. आम्ही तेथेंच उभे होतों. तोंडांतून एक शब्द निघाला नाहीं.

आतां हा नास कसा होतो तें पाहूं.

संस्कृतांत 'पच्' हा एकच धातु शिजणें आणि पिकणें या दोहोंस चालतो. पाक आणि पक्व हे दोन्ही शब्द त्यापासूनच झाले. ही भाषेची केवळ काटकसर नव्हे. झाडावरून उतरविलेला आंबा हा मेलेला पदार्थ नसून तो श्वास घेणारा सजीव पदार्थ आहे. पिकूं लागतांच त्याचा श्वास वेगानें चालतो, त्यांतून ऊब निघते, पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो आणि साल नरम पडते. फळांतून 'एथिलीन' नांवाचा वायु निघतो. तोच पिकण्यास चालना देतो आणि शेजारच्या फळांसही पिकवितो. एक पिकलेला आंबा दहा हिरव्यांस पिकवितो ही आजीबाईंची समजूत म्हणूनच अक्षरशः खरी आहे. ही ऊब व हा वायु कोंडला गेला तर पिकण्याबरोबर नासणेंही वेग घेतें.

परंतु नासविणारा शत्रु कोठींत जन्मत नाहीं. आंब्यावर काळे, खोलगट डाग पडतात व ते वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात, त्या रोगास करपा म्हणतात. तो कोलेटोट्रिकम नांवाच्या बुरशीमुळें होतो. ही बुरशी झाडावरील वाळलेल्या काटक्या, करपलेलीं पानें व सुकलेला मोहोर यांवर राहते. पावसाचा किंवा दंवाचा थेंब तिच्यावरून गळतांना तिचे सूक्ष्म बीजाणू कोंवळ्या फळावर येऊन पडतात. ओलावा मिळाला कीं बीजाणू रुजतो, सालीस चिकटून बसतो, बारीक तंतूनें आंत शिरतो आणि तेथेंच थांबतो. हिरव्या आंब्याच्या सालींत व चिकांत बुरशीस मारक अशीं द्रव्यें असतात, त्यामुळें तिची पुढें मजल जात नाहीं. फळ पिकूं लागतें तेव्हां तीं द्रव्यें कमी होतात, गोडवा वाढतो, आणि महिना दोन महिने मुकाट्यानें बसलेली बुरशी डोकें वर काढते. कांहीं आंब्यांवर देठापासून खालीं ओघळल्याप्रमाणें डागांची रांग दिसते. तो पावसाचें पाणी ज्या वाटेनें गळलें त्या वाटेचा माग असतो.

दुसरा रोग देठकुजीचा. यांत देठापाशीं तपकिरी वलय उठतें आणि दोन-तीन दिवसांत सारें फळ पाणचट होऊन बसतें. या रोगाच्या बुरशा झाडाच्या काटक्यांत व देठांतच लपून असतात. देठ मुळाशीं तुटला, फळ मातीवर पडलें किंवा ओलें राहिलें, कीं त्यांस वाट मोकळी होते. तिसरा प्रकार जखमेंतून शिरणाऱ्या काळ्या बुरशीचा. ही फुटलेल्या फळाच्या रसाबरोबर शेजारच्या फळांतही पसरते. थोडक्यांत सांगावयाचें तर, नास आढींत दिसतो. पण त्याचा आरंभ झाडावर व काढणीच्या वेळींच झालेला असतो. आढी लावणारा हात त्यांत सर्वांत शेवटचा. त्याच हातावर सारा दोष टाकणें म्हणजे निकाल वाचून दाखविणाऱ्या कारकुनास परीक्षेंतील नापाशीबद्दल जबाबदार धरण्यासारखें आहे.

आमच्या रायगड जिल्ह्यास, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाब्यास, ही गोष्ट विशेष लागू पडते. हापुसाचा हंगाम दक्षिणेकडे सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथें आधीं सुरू होतो आणि उत्तरेकडे सरकत सरकत आमच्याकडे उशिरा येतो. २०१८ सालीं हापुसास भौगोलिक चिन्हांकन मिळालें त्यांत या दोन जिल्ह्यांबरोबर रायगड, ठाणें व पालघर यांचाही समावेश झाला. पण पाऊस कांहीं चिन्हांकन पाहून पडत नाहीं. आमच्या फळाचा भर असतो तेव्हां मृग दाराशीं आलेला असतो. २०२१ सालच्या मे महिन्यांत 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेलें. त्याच्या आदल्या वर्षीं, ३ जून २०२० रोजीं, 'निसर्ग' चक्रीवादळ तर आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. असा पाऊस फळावर पडल्यानंतर नास वाढणारच, हें ओळखून पुढील काळजी घेतली पाहिजे.

पहिली काळजी झाडाची. हंगाम संपल्यावर वाळक्या काटक्या छाटून टाकाव्या, सुकलेला मोहोर व रोगट पाला गोळा करून वाडीबाहेर न्यावा, आणि फांद्यांची दाटी कमी करून आंत ऊन व वारा खेळूं द्यावा. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें फळांस कागदी पिशव्या बांधण्याची एक सोपी रीत सुचविली आहे. फळ गोटीएवढें झाल्यापासून अंड्याएवढें होईपर्यंतच्या काळांत जुन्या वर्तमानपत्राच्या पिशवीनें तें झांकलें, तर डाग कमी पडतात आणि फळमाशीपासूनही संरक्षण मिळतें. फळमाशी ही साधी माशी नव्हे. ती पाडाच्या फळाच्या सालींत अंडीं घालते व त्यांतून अळ्या होतात. आंब्यांत किडे आपोआप होतात ही समजूत चुकीची आहे. नराला भुलविणारें मिथिल युजेनॉल नांवाचें द्रव्य सापळ्यांत ठेवून त्यांचा नाश करतां येतो; गंमत अशी कीं, हेंच द्रव्य आपल्या अंगणांतील तुळशींतही असतें.

दुसरी काळजी काढणीची. फळाचे खांदे देठाच्या वर भरून आले, सालीचा गडद हिरवा रंग जरा फिकट झाला आणि झाडावर एखाददुसरा पाड दिसूं लागला कीं फळ तयार झालें असें समजावें. तयार फळ पाण्यांत बुडतें व कोंवळें तरंगतें, ही परीक्षा घरबसल्या करतां येते. काढणी सकाळीं लौकर किंवा उन्हें उतरल्यावर करावी. पाऊस पडून गेला असेल तर फळें झाडावरच कोरडीं होऊं द्यावीं. दापोलीच्या विद्यापीठानें तयार केलेल्या 'नूतन झेल्या'स पातें असतें, त्यामुळें फळ देठासह कापलें जाऊन जाळ्यांत पडतें. देठ दोन बोटें तरी ठेवावा. तो मुळाशीं तुटला कीं चीक उसळून सालीवर ओघळतो आणि त्या जागीं साल भाजल्यासारखी काळी पडते. शिवाय देठकुजीस तें उघडें दार होतें. जमिनीवर पडलेला आंबा वरून कितीही चांगला दिसला तरी तो वेगळ्या करंडींत ठेवावा व लोणच्यास किंवा पन्ह्यास वापरावा. आढींत घालूं नये. उतरविलेलें फळ उन्हांत ठेवूं नये, व मातीवर न ठेवतां गोणपाटावर किंवा पेंढ्यावर सावलींत ठेवावें.

तिसरी काळजी धुण्याची. धुवावयाचें तर वाहत्या किंवा वरचेवर बदललेल्या स्वच्छ पाण्यांत धुवावें. एकाच घंगाळांतील गढूळ पाण्यांत शंभर आंबे बुचकळणें म्हणजे एका फळाचा रोग शंभरांस वांटणें होय. याहून गुणकारी उपाय ऊन पाण्याचा. काढणी झाल्याच्या दिवशींच, निदान चोवीस तासांच्या आंत, ५२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत १० मिनिटें आंबे बुडवून ठेवल्यास सालींत दडलेली करप्याची बुरशी बहुतांशीं मरते. येथें अंदाज चालत नाहीं. पाणी कमी ऊन असेल तर बुरशी मरत नाहीं, आणि ५५ अंशांच्या वर गेलें तर आंबा भाजतो. म्हणून तापमापक पाहिजेच. आम्हीं शाळेंतून निवृत्त झाल्यावर पहिली खरेदी केली ती याच वस्तूची. पातेलें मोठें घ्यावें, आंबे थोडे घालावे, पाणी निवूं लागलें कीं ऊन पाणी घालून ढवळावें, आणि पहिल्या वेळीं चार-पांच फळांवर प्रयोग करून पाहावा. नंतर फळें थंड होऊं देऊन स्वच्छ फडक्यानें टिपावीं व पंख्याखालीं पूर्ण कोरडीं करावीं. ओला आंबा आढींत जाऊं देऊं नये, हा सर्व नियमांत मुख्य नियम होय.

चौथी काळजी आढीची. भाताचा पेंढा यंदाचा, कडक उन्हांत वाळविलेला असावा. गतसालचा दमट पेंढा स्वतःच बुरशीचें घर असतो. खोली काळोखी असली तरी कोंदट नसावी. फळांचा एक थर, फार तर दोन, आणि फळाफळांत अंतर. आढीवर गोण्या व घोंगड्या घालून ऊब कोंडणें म्हणजे पिकविण्याच्या घाईंत कुजविणें आहे. रोज सकाळीं आढी चाळावी; डाग पडलेलें, गळणारें किंवा आंबूस वासाचें फळ ताबडतोब बाहेर काढावें, आणि त्यास लावलेला हात धुतल्यावांचून दुसऱ्या फळास लावूं नये. सोंवळें पाळावयाचेंच असेल तर कोठींत तें या अर्थानें पाळावें !

हिरवा आंबा शीतकपाटांत ठेवूं नये. साधारण १३ अंशांच्या खालीं तो गारठतो, मग नीट पिकत नाहीं व साल करडी पडते. पिकलेला मात्र कांहीं दिवस तेथें सुखानें राहतो. बाजारांत घाईनें पिकविण्यासाठीं कॅल्शियम कार्बाइडची पूड वापरतात. तिच्यापासून निघणाऱ्या वायूंत आर्सेनिक व फॉस्फरस यांचीं विषारी संयुगें अल्प प्रमाणांत असूं शकतात, म्हणून कायद्यानें तिचा वापर फळें पिकविण्यास बंद केलेला आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही ही बंदी स्पष्ट आहे. त्याऐवजीं एथिलीन वायु, दहा लक्ष भागांत शंभर भागांपर्यंत, बंद खोलींत वापरण्यास परवानगी आहे. घरच्या आढीस यांपैकीं कशाचीच गरज नाहीं.

या सर्व खटाटोपांत एका दोषाची गणना मात्र आढीच्या दोषांत करूं नये, तो म्हणजे साका. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापल्यावर आंत पांढुरका, स्पंजासारखा व बेचव गर निघतो, त्यास साका म्हणतात. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें १९३२ व १९३३ या सालीं युरोपांत आंबे पाठविण्याचे प्रयोग केले. त्यांचा अहवाल चीमा व दाणी यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत या दोषाची नोंद आहे. तो रोगजंतूचा विकार नव्हे. तापलेल्या जमिनीची धग हें त्याचें एक कारण मानतात, म्हणून झाडाखालीं पाल्याचें आच्छादन घालतात. फळांतील कोय आंतल्या आंत रुजूं लागते हें कारण अलीकडील संशोधकांनीं पुढें मांडलें आहे. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रांत हापूस व नीलम यांच्या संकरापासून झालेली 'रत्ना' ही जात १९८१ सालीं बाहेर आली. तिच्यांत साका आढळत नाहीं. पाहुण्याच्या पानांत साका निघाला म्हणून सुनेकडे डोळे वटारून पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आपल्या घरच्या आढीची जी गत तीच जगाच्या व्यापाराची. २०१४ सालच्या १ मे पासून युरोपीय संघानें भारतीय आंब्यांस बंदी केली, कारण मालांत फळमाशी सांपडली होती. पुढील वर्षीं ती उठली. पण आंबे ४८ अंशांच्या पाण्यांत एक तास ठेवण्याचा नियम आला. जपान ऊन वाफेची प्रक्रिया मागतो. अमेरिकेस २००७ पासून जे आंबे जाऊं लागले ते नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव येथें किरणांची प्रक्रिया करून. कोणत्याही देशानें आंब्यास कोणाचा हात लागला हें विचारलें नाहीं. पाणी किती अंशांवर होतें व किती वेळ होतें, एवढेंच विचारलें.

आणखी एका घरगुती चालीविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. "आधीं डागाळलेले संपवा, चांगले मागाहून" असा बहुतेक घरांतून नियम असतो. वरवर तो काटकसरीचा दिसतो. पण आज डागाळलेले खाल्ले तोंवर उद्यां आणखी चार डागाळतात, उद्यां ते खावेत तों परवां आणखी सहा. आणि अशा रीतीनें उत्तम आंब्यांची आढी घालून सारें घर हंगामभर नासकेच आंबे खातें! सारें घर म्हटलें खरें, पण तेंही खरें नव्हे. पुरुषांच्या पंगतीस अखंड फळ येई आणि मागाहून बसणाऱ्या बायकांच्या वांट्यास कापून उरलेलें. आतां आमच्या घरीं रीत उलट आहे. किरकोळ डाग असलेले आंबे त्याच दिवशीं डाग खोलवर कापून साखरआंब्यास किंवा आंबापोळीस जातात. आंबूस वासाचे सरळ खड्ड्यांत. आणि चांगला आंबा पिकला त्या दिवशीं सर्वांच्या पानांत एकदम पडतो.

ज्या वाचकांस या विषयाची अधिक माहिती हवी असेल त्यांनीं रोह्याजवळ किल्ला येथें असलेल्या कृषि विज्ञान केंद्रांत जाऊन विचारावें. आमच्या लहानपणीं असें विचारावयास जागा नव्हती, आणि असती तरी त्या वर्षीं आम्ही गेलों असतों असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं.

आत्याबाईची गोष्ट अर्धी राहिली. आम्ही मास्तर झालों त्याच्या दुसऱ्या वर्षीं ती अंथरुणास खिळली. एके दिवशीं दुपारीं घरांत कोणी नसतां आम्हीं तिच्या उशाशीं बसून सांगितलें, "आत्या, त्या वर्षीं आंबे आम्हींच झाड हलवून पाडले होते. ओलेच भरले. तुझ्याकडून कांहीं चुकलें नव्हतें." ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "अरे, मला ठाऊक होतें. तुझ्या सदऱ्यास चिकाचे आणि चिखलाचे डाग होते. ते मींच नव्हते का धुतले ?" "मग तूं बोलली कां नाहींस ?" असें आम्हीं विचारलें. "तुला मार बसला असता," एवढेंच तिनें उत्तर दिलें, आणि थोडें थांबून म्हणाली, "आणि माझें कोणीं ऐकलें असतें?"

पहिल्या वाक्यानें आमच्या डोळ्यांस पाणी आलें. पण इतक्या वर्षांत मनांतून गेलें नाहीं तें दुसरें वाक्य. त्या वर्षींच्या नासाचा निम्मा दोष वळवाच्या पावसाचा होता व निम्मा आमचा. आत्याबाईचा तिळमात्र नव्हता. हें आम्हीं तिला एकांतांत सांगितलें, परंतु ज्या ओटीवर तिच्यावर आळ आला त्या ओटीवर सांगितलें नाहीं. तो शेजार आतां राहिला नाहीं व ती आजीही राहिली नाहीं. म्हणून तें येथें लिहीत आहों.

आज आमच्या घरीं कोठीची किल्ली खुंटीस टांगलेली असते. सून, मुलगी, गडी, नातवंडें, ज्यास वेळ असेल तो हात धुऊन माळ्यावर जातो आणि आढी चाळतो. कोण, केव्हां, कोणत्या दिवशीं गेलें हें कोणी विचारीत नाहीं. पेंढा वाळलेला आहे ना, फळ कोरडें आहे ना, देठ शाबूत आहे ना, एवढेंच विचारतात. गेल्या कित्येक वर्षांत वटपौर्णिमेस आंबे बाहेरून आणावे लागले नाहींत. वाचकहो, यंदा आपल्या घरची आढी उघडाल आणि त्यांत कांहीं फळें नासलेलीं निघतील, तीं थोडींफार निघणारच, तेव्हां कोणाकडे बोट दाखविण्यापूर्वीं त्या आंब्याचा देठ एकदां पाहावा, आणि तो झाडावरून कसा उतरला याची चौकशी करावी.